मागच्या स्प्रिंगा कापण्याआधी आर्मचे कोन मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या वेगाच्या शर्यतीसाठी, तयार होत असलेली रिअर-व्हील ड्राइव्ह गाडी, मागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध), त्याला बॉडीशी धरून ठेवणारे वर दोन आणि खाली दोन आर्म, कॉइल स्प्रिंगा. मागचा भाग ५० मिमी खाली घ्यायचाय. एक मित्र म्हणतो स्प्रिंगा गॅसने तापवून बसवून टाक, दुसरा म्हणतो सरळ दोन वेढे काप. कोणाचं ऐकायचं?

तापवणाऱ्याचं मुळीच नको. स्प्रिंगचं स्टील कडक करून मग ठरावीक तापमानाला टेम्पर केलेलं असतं. टॉर्चने लाल केलंत की तेवढ्या भागाचं पाणी उतरतं. गाडी खाली बसते खरी, पण किती बसावी हे तुमच्या हातात राहत नाही, डावी-उजवी सारखी बसत नाही, आणि पुढेही ती बसतच जाते. तापवल्याने स्टीलचा ताठरपणा जवळपास तोच राहतो. कमी होते ती भार सोसून पुन्हा मूळ उंचीला येण्याची ताकद. गॅस कटरने कापणंही याच कारणासाठी बाद. वेढे क्लॅम्पने आवळून गाडी खाली आणणाऱ्यांबद्दल काही न बोललेलं बरं.

कापणं चालतं, पण दोन वेढे हा आकडा आला कुठून? गाडी चाकांवर उभी असताना स्प्रिंगच्या शेजारशेजारच्या दोन वेढ्यांमधलं अंतर मोजा, एका तारेच्या मध्यापासून दुसऱ्या तारेच्या मध्यापर्यंत. एक पूर्ण वेढा कापला की स्प्रिंगची भाराखालची उंची बरोबर तेवढीच कमी होते, कारण उरलेला प्रत्येक वेढा त्याच भाराखाली पूर्वीइतकाच दबतो. समजा हे अंतर ३० मिमी भरलं. स्प्रिंग थेट ॲक्सलवर बसत असेल तर एका वेढ्याला गाडी साधारण ३० मिमी उतरेल. स्प्रिंग खालच्या आर्मवर, ॲक्सलच्या पुढे बसत असेल (फॉक्स-बॉडी मस्टँगमध्ये असते तशी), तर चाकापाशी फरक त्याहून जास्त पडतो. वेढ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं नसेल, म्हणजे स्प्रिंग प्रोग्रेसिव्ह असेल, तर कापायच्या जागचंच अंतर धरा.

सोबत स्प्रिंग कडकही होते. काम करणारे वेढे सात असतील आणि एक कापला, तर कडकपणा सात भागिले सहा, म्हणजे सुमारे १७ टक्के वाढतो. अर्धा कापला तर ८ टक्क्यांच्या आसपास. दोन कापले तर थेट ४० टक्के. म्हणजे दुसऱ्या मित्राचा सल्ला निव्वळ उंचीचा नाही, तो तुमची अख्खी स्प्रिंगच बदलतोय.

आता मूळ मुद्दा. ड्रॅगच्या गाडीत मागची उंची ही आधी आर्मच्या कोनांची गोष्ट आहे, दिसण्याची नंतर. गुरुत्वमध्य खाली आला की लॉंचला, म्हणजे गाडी जागेवरून सुटताना, मागे येणारं वजन कमी होतं हे खरं, पण ते फार नाही. १,४०० किलोची गाडी, २,७०० मिमी व्हीलबेस, ५०० मिमीवर गुरुत्वमध्य आणि १ जीचा (गुरुत्वाकर्षणाइतक्या त्वरणाचा) लॉंच धरला तर मागे सुमारे २६० किलो सरकतात. फक्त मागचा भाग ५० मिमी उतरवला की गुरुत्वमध्य साधारण २५ मिमी खाली येतो आणि तेरा-चौदा किलो गमावले जातात. तेवढं चालवून घेता येईल.

चालवून घेता येत नाही ते आर्मचं. बॉडी खाली आली की चारही आर्मची पुढची टोकं खाली जातात, ॲक्सलकडची तिथेच राहतात. बाजूने पाहिल्यावर वरच्या आणि खालच्या आर्मच्या रेषा पुढे वाढवल्या की जिथे मिळतात तो इन्स्टंट सेंटर, तो बिंदूही खाली उतरतो. भिंतीवर किंवा मोठ्या कागदावर गाडीची बाजू काढा. मागचा टायर जमिनीला टेकतो तिथून एक रेघ पुढच्या ॲक्सलच्या बरोबर वर, गुरुत्वमध्याच्या उंचीच्या बिंदूपर्यंत ओढा. ही १०० टक्के अँटी-स्क्वॉटची, म्हणजे मागचा भाग ना बसेल ना उचलला जाईल अशी, रेघ. इन्स्टंट सेंटर हिच्या वर असेल तर लॉंचला बॉडी मागे उचलली जाते आणि त्या क्षणी टायर जमिनीत दाबला जातो. खाली असेल तर मागचा भाग बसतो. आर्मच्या टोकांची आत्ताची उंची मोजून एक चित्र, आणि पुढची टोकं ५० मिमी खाली घेऊन दुसरं. बऱ्याच स्टॉक गाड्यांमध्ये इन्स्टंट सेंटर आधीच या रेघेच्या खाली असतो, त्यात आणखी खाली ढकलून तुम्ही पहिल्या १८ मीटरचा वेळच वाया घालवाल. मागचा भाग बसला की वजन मागे आलं असं डोळ्यांना वाटतं, पण बॉडीचं बसणं आणि टायरवरचा भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याच गैरसमजातून लोक मागे मऊ स्प्रिंगा टाकून खूश होतात.

चित्र बिघडत असेल तर स्प्रिंगेबरोबर आर्मच्या टोकांच्या जागाही बदलाव्या लागतील: ॲक्सलकडे वरच्या आर्मचं टोक उंच करणारे ब्रॅकेट, किंवा खालच्या आर्मसाठी ॲक्सलवर खालची भोकं. ते करायचं नसेल तर २०-२५ मिमीवर थांबा, माझं मत विचाराल तर.

कापायचंच ठरलं तर गाडीवरच्या स्प्रिंगा तशाच ठेवा आणि कापायला दुसरी जोडी आणा. आधी टोक बघा. तार एकसारखी गोल फिरत येऊन नुसती कापलेली असेल तर त्या टोकाला कापा. टोकाचा वेढा आत वळून लहान झालेला किंवा घासून सपाट केलेला असेल तर ते टोक सोडा. दोन्ही टोकं तशी असतील तर ती स्प्रिंग कापायची नाही, कमी उंचीची विकत घ्यायची. तारेभोवती टेप गुंडाळून खूण करा, पातळ कटिंग व्हीलने थांबत थांबत कापा, मधून मधून पाणी मारा. कापाच्या शेजारी तार निळी पडता कामा नये. पहिल्यांदा अर्धाच वेढा. अर्धा कापल्यावर टोक सीटच्या (स्प्रिंग बसते त्या खोबणीच्या) विरुद्ध बाजूला येतं, म्हणून सीटमध्ये टोक अडकायची खाच असेल तर स्प्रिंग फिरवून ते तिथे नेऊन बसवा. धार कानशीने मारा, उघड्या लोखंडाला रंग लावा, रबरी पॅड परत घाला.

गाडी खाली घेतल्यावर लगेच मोजू नका. थोडी पुढेमागे ढकला, मागून दोन-चारदा दाबा, मग मोजा. आर्मचे बोल्ट स्टँडवर आवळले असतील तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि उंची खोटी दिसते. ते सैल करून, चाकांवर वजन असताना आवळा. पिनियनचा (प्रोपेलर शाफ्ट ॲक्सलला जोडतो त्या गिअरचा) कोन पुन्हा लावा, कारण वरचे-खालचे आर्म वेगळ्या लांबीचे असल्याने तो हमखास बदललेला असतो. पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) असेल तर ॲक्सल बाजूला सरकलाय का पाहा.

एक गोष्ट जॅकवरच तपासा: ॲक्सल पूर्ण लोंबकळू द्या आणि स्प्रिंग हाताने हलवून बघा. ती सीटमध्ये खुळखुळत असेल तर लॉंचला बॉडी उचलली गेल्यावर ती निसटू शकते. शॉक ॲब्सॉर्बर आखूड घ्या किंवा पट्ट्याने ॲक्सलची खालची हालचाल रोखा. टायर आणि फेंडरमधली जागाही बघा. स्लिक (ड्रॅगचे नक्षी नसलेले टायर) वेगात व्यासाने फुगतात, उभ्या गाडीत बोटभर जागा म्हणजे शेवटच्या टप्प्यात घासणं आलंच. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या नियमांत पुढच्या ॲक्सलच्या मागे ३०५ मिमीपर्यंत ७६ मिमी आणि त्यापुढे ५१ मिमी ग्राउंड क्लिअरन्स लागतो, ऑइल पॅन आणि हेडर (एक्झॉस्टचे पाइप) वगळून. ५० मिमी खाली घेणाऱ्याने टेप लावून बघावंच.

पहिल्या रनला शॉकच्या दांड्यावर एक झिप टाय घट्ट बसवून शॉकच्याच नळीला टेकवून ठेवा आणि कोणाला तरी बाजूने स्लो-मोशन व्हिडिओ काढायला सांगा. टायर आणि फेंडरमधली फट वाढते की कमी होते ते व्हिडिओत दिसेल, शॉक किती दबला ते झिप टाय सांगेल. तो बंप स्टॉप (हालचाल शेवटी अडवणारा रबरी ठोकळा) लागतो तिथपर्यंत सरकला असेल तर शॉकच्या सेटिंगशी खेळत बसू नका, त्या स्प्रिंगा काढून जुन्या बसवा.