नेलकटर दिसला की घर डोक्यावर घेतो!

प्रश्न : डॉक्टर, आमचा लॅब्रॅडॉर चार वर्षांचा आहे, नखं सगळी काळी कुळकुळीत. मागे पार्लरमध्ये नखं कापताना रक्त आलं आणि तेव्हापासून नेलकटर नुसता ड्रॉवरमधून काढला तरी गुरगुरतो, सोफ्याखाली जाऊन बसतो. आता नखं इतकी वाढलीयत की फरशीवर टकटक आवाज येतो. मिस्टर म्हणतात दोघांनी धरून एकदाच काय ते कापून टाकू. काय करावं? (डोंबिवली)

उत्तर : ताई, मिस्टरांना सांगा, धरून अजिबात नाही. एकदा दाबून धरून कापलंत ना की पुढच्या वेळी गुरगुरण्यावर थांबणार नाही, चावेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. नखाच्या आत एक जिवंत भाग असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही असतात, त्याला क्विक म्हणतात, तो कापला गेला तर खरंच दुखतं. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो, काळ्यात दिसत नाही, म्हणून सगळी भीती.

आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, नखं वाढत ठेवली की क्विकसुद्धा लांबत जातो. म्हणजे तुमच्या लॅबची नखं आज एकदम आखूड करायला गेलात तर रक्त येणारच, कापणारा कितीही एक्स्पर्ट असो. त्याउलट दर आठवड्याला अगदी तांदळाएवढा तुकडा काढत राहिलात तर क्विक हळूहळू मागे सरकतो. महिना-दोन महिने लागतील, लागू द्या.

पण आधी भीती घालवायची. नेलकटर दोन-चार दिवस त्याच्या जेवणाच्या भांड्याशेजारी नुसता पडून राहू दे. मग तो हातात घेऊन एकेक चिकनचा तुकडा द्या, मग पंजा हातात घ्या, सोडा, तुकडा द्या. मग कोरडी स्पॅगेटी घ्या, एक काडी त्याच्या पंजाजवळ धरून कटरने कट्ट करून तोडा आणि लगेच खाऊ. आवाज सेम नख कापल्यासारखा येतो, पण दुखत काहीच नाही. हे जमलं की मग खरं नख, आणि दिवसाला एकच. कुत्र्याला साधारण अठरा नखं असतात, रोज एक कापलं तरी तीन आठवड्यांच्या आत एक राउंड पूर्ण होतो, घाई कसली आहे?

काळं नख कापताना आधी पंजा उलटा करून खालून बघा. टोकाकडचा भाग पोकळ असतो, खाच दिसते, तेवढा सेफ. तिथून बारीक बारीक चकत्या काढत जायच्या आणि प्रत्येक वेळी कापलेला भाग समोरून बघायचा. सुरुवातीला कोरडा, पांढुरका, भुसभुशीत दिसेल. मध्यभागी गडद ओलसर ठिपका दिसायला लागला की थांबा, अजून थोडं जमेल असं वाटलं तरी थांबा.

तरीही रक्त आलंच तर घाबरून ओरडू नका, तुम्ही ओरडलात की तो डबल घाबरतो. रक्त थांबवायची स्टिप्टिक पावडर पेट शॉपमध्ये मिळते, ती चिमूटभर लावून दाबून धरा, नसेल तर घरातला कॉर्नफ्लॉर चालतो. दोन-पाच मिनिटांत थांबतं. पंधरा-वीस मिनिटं झाली तरी वाहतंय तर मात्र डॉक्टरकडे न्या. आणि इतकं करूनही तो हात लावूच देत नसेल तर तुमच्या डॉक्टरांना औषध देऊन शांत करून कापायचं विचारा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त माणसांच्या झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका प्लीज, कोणीतरी दर महिन्याला हे विचारतंच.

प्रश्न : आमची इंडी म्हणजे देशी कुत्री आहे, रोज दोन वेळा फिरायला नेतो. गल्लीतल्या कुत्र्यांची नखं कोण कापतं? मग हिची तरी कापायची गरज काय? (पुणे)

उत्तर : मुद्दा बरोबर आहे. डांबर-सिमेंटवर भरपूर पळणाऱ्या कुत्र्याची नखं आपोआप झिजतात, बागेतल्या मातीत-गवतात फिरणाऱ्याची तितकी झिजत नाहीत. ती सरळ उभी असताना नखं जमिनीला टेकत नसतील तर निवांत राहा. पण पुढच्या पायांना आतल्या बाजूला, थोडं वर, अंगठ्यासारखं एक नख असतं, ड्यू क्लॉ, ते चालताना जमिनीला लागत नाही म्हणजे झिजतही नाही. तेवढं महिन्यातून एकदा बघत जा.

प्रश्न : आमचा पॉमी तेरा वर्षांचा आहे, केस खूप. काल पाय पुसताना कळलं की वरचं एक नख गोल वळून मांसात घुसलंय, हात लावला की ओरडतो. घरी कापू का? (नाशिक)

उत्तर : नाही आजी, घरी नको, आजच दवाखान्यात न्या. हेच ते ड्यू क्लॉ. आत जखम असते, पू झालेला असू शकतो, साफ करून औषध सुरू करावं लागेल. केसाळ कुत्र्यांमध्ये हे दिसतच नाही आणि म्हातारपणी चालणं कमी झालं की नखं झिजतही नाहीत. बरा झाला की पंजाखालच्या गाद्यांच्या (पॅड्सच्या) मधले केसही कापून घ्या, टाइल्सवर पाय घसरतात ते पुष्कळदा त्या केसांमुळे.

प्रश्न : पावसाळा सुरू झाला की आमचा बीगल दिवसभर पंजे चाटतो, बोटांमधले केस विटकरी रंगाचे झालेत आणि आंबूस वास येतो. फिरून आल्यावर डेटॉलच्या पाण्याने धुतो तरी फरक नाही. (ठाणे)

उत्तर : डेटॉल आधी बंद. कातडी आणखी जळजळते, तो अजून चाटतो, आणि ते पोटातही जातं. विटकरी रंग लाळेचा आहे. वासावरून बुरशीचा संशय येतोय, पण मुळाशी ॲलर्जीही असू शकते, म्हणून एकदा तपासून घ्या, मगच औषधी वॉश किंवा पुसायचे वाइप्स. तोवर साधं पाणी पुरे. खरी मेहनत धुण्यात नाही, कोरडं करण्यात आहे, बोटाबोटांच्या मध्ये सुती फडकं घालून टिपायचं, सगळे नुसतं वरवर पुसतात. तेव्हाच गोचीडही बघून घ्या, बोटांच्या बेचक्यात लपून बसायला त्यांना फार आवडतं आणि टिक फीव्हर त्यांच्यामुळेच होतो. साचलेल्या पाण्यातून नेणं टाळा, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो. त्याची लस दरवर्षी द्यायची असते, राहिली असेल तर देऊन घ्या.

अजून एक. चारही पाय न चाटता एकच पाय, एकाच जागी चाटत असेल तर कुसळ शोधा. पावसाळा संपताना डोंगरावरचं गवत वाळतं तेव्हा ट्रेकला नेलेल्या कुत्र्यांमध्ये हे हमखास, कुसळ बोटांमध्ये टोचतं आणि चालण्याबरोबर आत आत सरकत जातं, वरून फक्त एक छोटी फुगलेली पुळी दिसते.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी फिरवलं तर चालेल का? त्याचे तळवे तर जाड आहेत. (नागपूर)

उत्तर : मे महिन्यात, नागपुरात, दुपारी? तुम्ही स्वतः अनवाणी चालाल का? हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला धरवत नसेल तर त्यालाही नाही. पहाटे नाहीतर रात्री उशिरा, संध्याकाळी सातला डांबर अजून तापलेलंच असतं. तळव्यावर फोड आला किंवा साल निघाली तर गार पाणी ओता, बर्फ चोळू नका, आणि डॉक्टरकडे. नुसते कोरडे पडले असतील तर रात्री थोडं खोबरेल लावा. चाटेल, चाटू दे.