नव्या नेमबाजाने छर्रे कोणते घ्यावेत?

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक एअर पिस्तुलाच्या छऱ्यांबद्दल आहेत. एक मात्र काडतुसांचा आहे, आणि त्याचं उत्तर मला जास्त काळजीनं द्यायचं आहे.

लातूरहून एक आई विचारतात: मुलगी आठवीत आहे, शाळेतल्या सरांनी १० मीटर एअर पिस्तूल सुरू करून दिलंय. दुकानदार म्हणतो, टोकदार छर्रे घ्या, खोल घुसतात. घेऊ का?

नको, ताई. चपट्या डोक्याचेच घ्या. कागदाच्या लक्ष्यात खोल घुसून काय मिळणार? तिथं हवं असतं स्वच्छ भोक. चपटं डोकं पंचिंग मशीनसारखं कागद गोल कापतं. टोकदार छर्रा कागद ढकलत, फाडत जातो, आणि भोक छऱ्याहून बारीक दिसतं. भोकाची कड रेषेला नुसती टेकली तरी वरचा गुण मिळतो, म्हणजे फाटक्या भोकापायी मुलीचा हक्काचा गुण जाऊ शकतो.

माप ४.५ मिमी, डब्यावर ०.१७७ असेल तर ते तेच, फक्त इंचात. वजन ०.४५ ते ०.५० ग्रॅम पाहा. ०.५३ ग्रॅमचे छर्रे मुख्यतः रायफलसाठी असतात. ते मारले म्हणून पिस्तूल बिघडत नाही, पण हलका छर्रा नळीतून लवकर सुटतो आणि ट्रिगर दाबताना हात हलला तरी नुकसान जरा कमी होतं. शिकाऊ हाताला तेवढीही मदत मोलाची. स्टीलच्या बीबी गोळ्या मात्र कोणी फुकट दिल्या तरी घालू नका. नळीतल्या पिळदार खाचा मऊ शिशासाठी असतात, स्टीलनं त्या खरवडल्या जातात.

परभणीचा एक विद्यार्थी: डब्यांवर ४.४९, ४.५० असे आकडे असतात. सोबतचा मुलगा महागडे जर्मन छर्रे वापरतो. माझे गुण त्यामुळेच कमी येतात का?

नाही रे. तो आकडा छऱ्याच्या डोक्याचा व्यास आहे. प्रत्येक नळीला वेगळा आकडा मानवतो, म्हणून दुसऱ्याचा डबा पाहून आपला ठरवायचा नसतो. पाहायचंच असेल तर प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली पिस्तूल शिकंज्यात घट्ट बसवून एकाच लक्ष्यावर दहा छर्रे मारा. सगळ्यांचं मिळून झालेलं भोक बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. ८ मिमी भरलं तर खरा पसारा ३.५.

आता हा पसारा लक्ष्याशेजारी ठेवून बघ. पिस्तुलाच्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं, नऊचं २७.५ चं, आणि सातपर्यंतचा काळा गोल ५९.५ मिमीचा. तुझे शॉट सात-आठमध्ये पडत असतील, तर दोन डब्यांमधला मिलिमीटरभराचा फरक तुझ्यापर्यंत पोचतच नाही. रायफलवाल्यांचं दहा म्हणजे ०.५ मिमीचा ठिपका. ते छऱ्यांची चिकित्सा करतात ते योग्यच. तू आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी यांपैकी कोणाचेही साधे सरावाचे छर्रे घे, पण एकाच लॉट नंबरचे तीन-चार डबे एकदम घे. वाचलेले पैसे आणखी छऱ्यांवर, म्हणजे सरावावर घाल.

एक सवय आजच लावून घे. छर्रा भरण्याआधी उजेडात धरून मागचा पोकळ घेर पाहायचा. तो गोल हवा. जरा चेपलेला, लांबट दिसला की बाजूला टाकायचा. खाली पडलेला छर्रा पुन्हा भरायचा नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ सगळीकडे उडते, ती घेरात अडकून नळीत जाते.

बीडहून एक वाचक: वडिलांचं परवान्याचं ०.३२ रिव्हॉल्व्हर आहे. रिकामी पितळी काडतुसं जपून ठेवलीत. घरीच भरायची तर गोळी शिशाची घ्यावी की तांब्याच्या आवरणाची?

दादा, कोणतीच घेऊ नका. शस्त्र बाळगायचा परवाना म्हणजे दारूगोळा तयार करायचा परवाना नव्हे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. तो नसताना काडतूस बनवणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. आणि समजा कायदा आड आला नसता, तरी मी नकोच म्हटलं असतं. दारू किंचित जास्त पडली किंवा गोळी हवी त्याहून खोल बसली, की आतला दाब एकदम वाढतो आणि सिलिंडर हातातच फुटू शकतो. अमेरिकेत हा छंद मोकळेपणानं चालतो, तिथले व्हिडिओ पाहून बीडमध्ये प्रयोग नको. जमवलेली काडतुसं घेऊन परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जा आणि त्यांचं काय करायचं ते विचारा.

खर्च वाचवून नेम सुधारायचा असेल, तर एअर पिस्तूल घ्या. पकड, श्वास, ट्रिगर हे सगळं त्यावरच पक्कं होतं.

जालन्याहून: जुन्या डब्यातल्या छऱ्यांवर पांढरी भुकटी आलीय. पुसून वापरू का?

पुसूही नका. ती शिशाची भुकटी आहे, उडाली की श्वासातून शरीरात जाते. डबा बंद करून मुलांपासून दूर ठेवा आणि नवा घ्या. चांगले छर्रे हाताळल्यावरही आधी साबणानं हात धुवायचे, मग जेवणाच्या डब्याला हात लावायचा. छर्रे तोंडात धरून एकेक भरायची सवय काही मुलांना असते, ती दिसेल तिथं मोडा.