इंग्लंडच्या द स्पेशल्स या बँडसारखा स्काचा, म्हणजे जमैकातल्या उसळत्या नृत्यसंगीताचा, ठेका गिटारवर का येत नाही? कॉर्ड बरोबर आहेत, तरी ते रेगेसारखं किंवा नुसता गोंगाट वाटतं.

बहुतेक वेळा दोष उजव्या हाताचा नसतो, डाव्या हाताचा असतो.

चार मात्रा 'एक-न-दोन-न-तीन-न-चार-न' अशा मोजा. गिटार फक्त 'न'वर बोलते. मात्रेवर हात तारांना न लागता खाली जातो, 'न'वर वर येताना फक्त पहिल्या तीन बारीक तारांना लागतो. लागल्याबरोबर डाव्या हाताचा दाब काढायचा, पण बोटं तारांवर टेकलेलीच ठेवायची. बोटं पूर्ण उचलली तर मोकळ्या तारा घुमतात. दाब उशिरा काढला तर आवाज पुढच्या मात्रेवर सांडतो आणि उसळी मरते. रेगेसारखं वाटण्याचं कारणही तिथेच आहे. जमैकात १९६६च्या सुमारास स्काची लय उतरली, त्यातून रॉकस्टेडी आली आणि पुढे रेगे. म्हणजे लय उतरवून आवाज लांबवला की तुम्ही आपोआप त्याच वाटेने जाता.

साधे ओपन कॉर्ड इथे चालणार नाहीत, कारण मोकळ्या तारेवरचा दाब काढणार कसा? 'अ मेसेज टू यू, रूडी'पासून सुरुवात करा, त्यात सी, एफ आणि जी पुरतात. सीसाठी तिसरी तार नवव्या पडद्यावर, दुसरी आणि पहिली आठव्यावर. एफसाठी तिसरी आणि दुसरी दहाव्यावर, पहिली आठव्यावरच. जी म्हणजे एफचाच आकार दोन पडदे पुढे. हात जवळपास जागेवरच राहतो. हे गाणं मूळ डँडी लिव्हिंगस्टनचं, १९६७चं. त्यात ट्रॉम्बोन वाजवणारे रिको रॉड्रिगेझच स्पेशल्सच्या १९७९च्या रेकॉर्डवरही आहेत, म्हणून दोन्ही लागोपाठ जरूर ऐका.

दुसरी चूक ठेका उलटण्याची. ड्रम्स थांबले की कान 'न'लाच मात्रा समजू लागतो. पाय मात्रेवर ठेवाच. मेट्रोनोम ८०वर लावून सुरुवात करा. स्थिर झालात की तोच ठोका 'न' आहे असं धरून वाजवा. हे अवघड जातं, पण एकदा जमलं की ठेका सहसा सुटत नाही. मग पाच-पाचने वाढवत १३०पर्यंत जा.

आता गोंगाटाचं. अँपवर डिस्टॉर्शन शून्य, बेस कमी, ट्रेबल वर, रिव्हर्ब नावाला. डिस्टॉर्शनमध्ये मुका आवाजही मोठा होतो आणि तुटक ठोक्याची धार जाते. पण स्पेशल्सच्या रेकॉर्डवर कर्कश गिटार ऐकू येते, ती कुठून? ती दुसरी गिटार आहे! लिनव्हल गोल्डिंग ठेका धरतात, रॉडी रेडिएशन त्यावर पंक आणि रॉकबिलीच्या अंगाने लीड वाजवतात. एकाच गिटारवर दोन्ही करायला गेलात तर दोन्ही जातात. बँडमध्ये एकच गिटार असेल तर ठेका धरा आणि मधली जागा ऑर्गनला द्या, जेरी डॅमर्स तिथेच असतात. खालची जागा हॉरेस पँटरच्या बेसची, म्हणून जाड तारांना हात लावायचा नाही.

ही विभागणी मला या संगीताचा जीव वाटते. कोव्हेन्ट्रीच्या या बँडमध्ये गोल्डिंग आणि नेव्हिल स्टेपल जमैकात जन्मलेले, बाकीचे गोरे इंग्लिश. डॅमर्सनी १९७९ मध्ये काढलेल्या टू टोन या रेकॉर्ड लेबलची काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी म्हणजे हीच सोबत. जमैकाचा ठेका आणि इंग्लंडचा पंक एकमेकांत विरघळत नाहीत, शेजारी उभे राहून रेटा देतात. तुमच्या वाजवण्यातही ते दोन आवाज वेगळे ऐकू यायला हवेत.

शेवटची कसोटी स्पेशल्सचंच 'टू मच टू यंग'. पहिल्या अल्बमवर ते संथ, सहा मिनिटांचं आहे. लंडनच्या लायसियममध्ये रेकॉर्ड केलेलं थेट रूप दोन मिनिटांत संपतं, १९८०च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं ते हेच. आधी अल्बमबरोबर सराव करा. वेगवान रूपात कोपरापासून हात हलवलात तर दुसऱ्या कडव्यापर्यंत दंड भरून येतो. हालचाल मनगटातून, जेमतेम दोन बोटं रुंद. पिक ०.६० ते ०.७३ मिलिमीटरची, टोक थोडंच बाहेर. जाड पिक वर येताना तारेत अडकते आणि नेमका तिथेच ठेका मागे पडतो.