आर्केड स्टिक घेण्याआधी

प्रश्न : पीसीवर स्ट्रीट फायटर ६ हा मारामारीचा खेळ पॅडवर (हातात धरायच्या कंट्रोलरवर) खेळतो. डाव्या बाजूला उभा असलो की हाडोकेन (खाली, तिरकं, पुढे आणि पंच अशी चाल) निघतो, उजवीकडे गेलो की दहातले चार फसतात. १८-२० हजारांची स्टिक (लिव्हर आणि मोठी बटणं असलेली पेटी) घेतली तर फरक पडेल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : एवढ्यासाठी घेऊ नका. एकाच बाजूला चुकणारी चाल ही हाताची सवय असते आणि ती तुमच्यासोबत स्टिकवरही येते. वर नवीन लिव्हर अंगवळणी पडेपर्यंत काही आठवडे आज निघतात त्या चालीही निघत नाहीत.

आधी ट्रेनिंग मोडमध्ये इनपुट डिस्प्ले (दाबलेल्या दिशा-बटणांची पडद्यावरची नोंद) चालू करा, उजव्या बाजूला उभे राहा आणि वीस हाडोकेन मारा. फसलेल्या प्रत्येक वेळी बाणांची ओळ वाचा. 'खाली' नंतर थेट 'पुढे' दिसतंय आणि मधला तिरका बाण गायब असेल, तर अंगठा फिरत नाहीये, उडी मारतोय. शेवटी 'वर-पुढे' आलं असेल तर फिरवणं लांबलं. खेळाडू उडतो तो त्यामुळेच. तिन्ही बाण बरोबर असूनही पंच 'पुढे'च्या आधी पडला असेल, तर गडबड उजव्या हाताची. पॅडचा दोष असलाच तर तो फक्त पहिल्या प्रकारात, डी-पॅडखालचं (दिशांच्या बटणाखालचं) रबर झिजल्यामुळे. मित्राचा पॅड तासभर आणून बघा, उलगडा होईल.

पॅडवर वरच्या पातळीवर खेळता येत नाही, हा समज तर सोडूनच द्या. २०१४ च्या इव्हो या मारामारीच्या खेळांच्या मोठ्या स्पर्धेत अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४ चं विजेतेपद फ्रान्सच्या लफीने पहिल्या प्लेस्टेशनच्या पॅडवर जिंकलं होतं.

स्टिकची खरी गरज पडते ती अंगठ्याचा सांधा दुखायला लागल्यावर, किंवा सहा बटणांचा खेळ चार बोटांनी एकाच पृष्ठभागावर खेळायचा असल्यावर. पॅडवर त्यातली दोन बटणं खांद्यावर जातात, ते काहींना कधीच जमत नाही. हौस म्हणून घ्यायची असेल तरी हरकत नाही, फक्त मग रँक वाढेल म्हणून घेतोय असं स्वतःला सांगू नका.

प्रश्न : तयार स्टिक परवडत नाही. उद्यमनगरात पत्रा कापून घेऊन घरीच बनवायचा विचार आहे. काय काय लागेल, कुठे फसायला होतं?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : कोल्हापुरात राहून हे न करणं म्हणजेच नवल! लिव्हर सान्वा कंपनीची जेएलएफ, सान्वाचीच ३० मिमीची आठ बटणं (ओबीएसएफ-३०), स्टार्ट-सिलेक्टसाठी २४ मिमीची दोन-तीन आणि मेंदू म्हणून रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड. पिकोवर जीपी२०४०-सीई हे फुकट फर्मवेअर (बोर्डमधलं सॉफ्टवेअर) चालतं. 'झिरो डिले' नावाचा स्वस्त बोर्ड किटमध्ये मिळतो, पण त्याच्या नावावर जाऊ नका. पिको हजाराच्या आत येतो आणि त्याहून चपळ असतो.

वरचा भाग २ मिमी एमएस (साध्या पोलादी) पत्र्याचा करा. ४० बाय २६ सेंटिमीटरचा असा पत्रा साधारण १.६ किलो भरतो आणि हे वजन हवंच, कारण हलकी पेटी ऐन मारामारीत मांडीवरून सरकते. लाकडी टॉपच्या फंदात पडू नका. ओबीएसएफ बटणं बाजूच्या खटक्यांवर बसतात आणि खटके पातळ पत्र्यालाच धरतात. जाड प्लायला आट्यांची, म्हणजे ओबीएसएन, बटणं लागतात. शिवाय लिव्हरचा दांडा आखूड पडतो, तो वर आणायला खालून खाच खणावी लागते. बाजूच्या पट्ट्या १२ मिमी मरीन प्लायच्या चालतील. एमडीएफ नको, आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात. पेटीची आतली उंची ६० मिमी तरी ठेवा.

लेझर कटिंगला फाइल देण्याआधी बटणांचा आराखडा खऱ्या मापात कागदावर छापा, पुठ्ठ्यावर चिकटवा आणि अर्धा तास मांडीवर घेऊन बोटं ठेवून बसा. शेजारच्या दोन बटणांच्या केंद्रांत ३६ मिमी अंतर बहुतेकांना सोयीचं पडतं. लिव्हर बसवायच्या स्क्रूची भोकं मात्र ती हातात आल्यावर मोजूनच काढा. आणि पावडर कोटिंग करणार असाल तर बटणाचं भोक ३० नव्हे, ३०.३ मिमी सांगा. कोटिंगच्या थराने भोक आवळतं, मग कानस घेऊन बसावं लागतं आणि रंग उडतो तो वेगळाच.

वायरिंग सोपं आहे. प्रत्येक बटणाचा एक पाय पिकोच्या एका जीपीआयओ (सिग्नलच्या) पिनला, दुसरा सगळ्यांच्या सामाईक ग्राउंडला. जेएलएफला पाच वायर असतात, चार दिशा आणि एक ग्राउंड. बटणांना २.८ मिमीचे क्लिप लागतात. गाडीच्या वायरिंगचे ६.३ मिमीचे क्लिप दाबून चेपून बसवले तर ते सैल पडतात आणि मधूनच बटण 'मरतं'. हा दोष शोधण्यात रात्र जाते. पिको प्लॅस्टिकच्या स्पेसरवर बसवा, पत्र्याला टेकला तर शॉर्ट होईल. त्याचा मायक्रो यूएसबी सॉकेट नाजूक असतो, म्हणून केबल पेटीच्या आत आवळून बांधा, म्हणजे ओढ सॉकेटवर येणार नाही.

बूटसेल बटण दाबून ठेवून पिको पीसीला जोडा, तो पेनड्राइव्हसारखा दिसेल. त्यात फर्मवेअरची यूएफ२ फाइल टाका. पुढे स्टार्ट दाबून जोडलं आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.७.१ उघडलं की पिना बदलता येतात. लिव्हर वर केल्यावर खेळाडू डावीकडे चालला तर घाबरू नका. लिव्हर ९० अंशांत फिरून बसली आहे, तिथेच दिशा बदला.

प्रश्न : मुलगा टेकन ८ लॅपटॉपच्या कीबोर्डवर खेळतो. आता त्याला लिव्हर नसलेला, सगळी बटणंच असलेला बॉक्स हवाय. घेऊन द्यावा का?
— एक आई, कसबा बावडा

उत्तर : ताई, त्याचं मागणं अवाजवी नाही, पण महिनाभर थांबा. ए, एस, डी वर डावी-खाली-उजवी आणि स्पेसबारवर 'वर' असं सेटिंग करायला सांगा. त्या बॉक्सची मांडणी हीच असते. जमलं तर बॉक्सवर त्याला नव्याने शिकावं लागणार नाही. बऱ्याच कीबोर्डवर तीन-चार कळा एकदम दाबल्या की एखादी नोंदलीच जात नाही. अडचण फक्त तीच निघाली तर साधा मेकॅनिकल कीबोर्डही भागवेल.

प्रश्न : पुण्यात प्लेस्टेशन ४ ची जुनी स्टिक स्वस्तात मिळतेय. काय तपासू? माझ्याकडे प्लेस्टेशन ५ आहे.
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : प्लेस्टेशन ५ च्या खेळांत पीएस४ ची स्टिक आपोआप चालत नाही. स्ट्रीट फायटर ६ ने तशी सोय दिली आहे, बाकी प्रत्येक खेळाचं आधी बघा. जागेवर जोडूनच तपासा : लिव्हर सावकाश गोल फिरवा, आठही बाण उमटले पाहिजेत, प्रत्येक बटण वीसदा टकटक दाबा, एका दाबात दोन नोंदी आल्या तर आतला स्विच गेलाय. तेवढ्यावर नकार देऊ नका, सान्वाचे भाग असतील तर बटण दोन मिनिटांत बदलतं. खालचे स्क्रू उघडू न देणाऱ्याकडून मात्र घेऊ नका. एसटीने आणताना लिव्हरवरचा गोळा काढून ठेवा. खालून दांड्याच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर धरायचा आणि वरून गोळा उलटा फिरवायचा.