जोखीम म्हणजे धोका नव्हे

न्यू जर्सीतल्या एका वाचकांनी विचारलंय. त्यांच्या कौंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) आपत्कालीन व्यवस्थापन कार्यालयाने दहशतवादी हल्ल्यांच्या पूर्वतयारीवर एक माहितीपत्रक काढलंय आणि स्थानिक मराठी मंडळासाठी ते त्याचं मराठी करतायत. मूळ मजकुरात थ्रेट, व्हल्नरेबिलिटी आणि रिस्क असे तीन शब्द वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. मराठी मसुद्यात तिन्ही ठिकाणी 'धोका' पडलाय. हे चालेल का? 'जोखीम' घालावा म्हटलं तर तो शेअर बाजारातला वाटतो, म्हणून टाळला, असंही ते लिहितात.

चालणार नाही. आणि 'जोखीम' टाळायचं तर काहीच कारण नाही, उलट या पत्रकात तोच शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे.

हा घोळ तुमचा एकट्याचा नाही. बातम्या लावा: 'मुंबईला दहशतवादी धोक्याची जोखीम वाढली.' हे वाक्य लिहिणाऱ्याला धोका आणि जोखीम हे एकाच अर्थाचे दोन शब्द वाटतात, एक कमी पडला म्हणून त्याने दुसरा जोडला. वर 'मित्राने धोका दिला' हे हिंदीतून आलेलं वाक्य आता मालिकांमधून घरोघरी पोचलंय. मराठीत मित्र दगा देतो, धोका देत नाही. मराठीतला धोका म्हणजे संकटाची शक्यता. महापालिका पावसाळ्याआधी 'अतिधोकादायक इमारतीं'ची यादी लावते तो धोका. त्यात फसवणूक नाही आणि कुणाचा हेतूही नाही. जुना स्लॅब कुणावर डूख धरत नाही.

थ्रेटमध्ये मात्र हेतू असतो. तिथे कुणीतरी असतं, त्याला काहीतरी करायचं असतं आणि ते करण्याची त्याची कुवत असते. तुमच्याच राज्याचं उदाहरण घ्या. न्यू जर्सीचं गृहसुरक्षा कार्यालय दरवर्षी थ्रेट असेसमेंट प्रसिद्ध करतं. त्यात उच्च, मध्यम, निम्न अशी प्रतवारी लावलेली असते ती गटांना आणि विचारसरणींना, पुलांना आणि स्टेशनांना नव्हे. ब्रिटनमध्ये 'लो' ते 'क्रिटिकल' अशा 5 पातळ्या आहेत, त्यातली राष्ट्रीय पातळी संयुक्त दहशतवाद विश्लेषण केंद्र ठरवतं, नगरपरिषद नाही. आपल्याकडे पोलीस याला सरळ 'थ्रेट परसेप्शन' म्हणतात आणि वरून येणाऱ्या खबरींना 'इनपुट्स'. मराठीत लिहायचं तर 'घातपाताचा धोका' म्हणा. नुसता धोका नको, 'घातपाताचा' हवाच, कारण हेतू त्या शब्दातून येतो. थ्रेटचा विषय इथे संपला.

आता जोखीम. शब्दाचं मूळ आहे योगक्षेम. योग म्हणजे जे नाही ते मिळवणं, क्षेम म्हणजे जे मिळालं ते राखणं. गीतेतलं 'योगक्षेमं वहाम्यहम्' आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हाखाली आहे आणि नरिमन पॉइंटजवळच्या त्यांच्या मुख्यालयाचं नावच 'योगक्षेम' आहे. अर्थशास्त्रात कौटिल्य दंडाला, म्हणजे राजाच्या दंडशक्तीला, आन्वीक्षिकी (तर्कविद्या), त्रयी (वेदविद्या) आणि वार्ता (शेती-व्यापार) यांच्या योगक्षेमाचं साधन म्हणतो. हे सगळं उदात्त आहे. पण शब्द बाजारात कधी उतरला ते पाहायचं तर मनुस्मृतीच्या 7व्या अध्यायातला करआकारणीचा श्लोक काढा. व्यापाऱ्यावर कर बसवताना राजाने काय काय पाहावं? खरेदी-विक्रीचा भाव, वाटेचं अंतर, खाण्यापिण्याचा आणि वरकड खर्च, आणि 'योगक्षेमं च संप्रेक्ष्य'. टीकाकारांनी याचा अर्थ वाटेत चोराचिलटांपासून माल राखण्याचा खर्च असाच घेतलाय. म्हणजे योगक्षेम तिथेच हिशेबाच्या वहीत शिरला. माल सुखरूप पोचवायचा तर त्याला किंमत पडते आणि ती आधी धरावी लागते, हा आजच्या रिस्कचा गाभा त्या एका चरणात आहे.

पुढचं रूपांतर सरळ आहे. य चा ज होतो: योगी-जोगी, यात्रा-जत्रा. प्राकृतात जोगक्खेम, मधला ग गळून जोखेम, मग जोखीम. अर्थ मात्र उलटला. सुरक्षिततेचा शब्द संकटाचा झाला. याचं लोकांना नवल वाटतं, ते वाटायला नको. 'मालाची जोखीम कुणाची?' हा पेठेतला प्रश्न ऐका. त्याचा अर्थ 'माल राखण्याची जबाबदारी कुणाची', आणि माल बुडाला तर भुर्दंडही त्याचाच. राखण्याची जबाबदारी आणि बुडाल्याचा भुर्दंड एकाच माणसाच्या डोक्यावर असला की दोन्हींना एकच शब्द पुरतो. गुजराती-मारवाडी पेढ्यांवर 'जोखमी हुंडी' चालायची (हुंडी म्हणजे पैसे देण्याची लेखी चिठ्ठी). जहाजातून माल रवाना करून त्याच्यावर काढलेली हुंडी, माल सुखरूप पोचला तरच पैसे देय. हुंडी आणि विमा एकाच कागदावर. आणि 'विमा' बघा: तो फारसी 'बीम'वरून आला, आणि बीम म्हणजे भीती. भीतीचा शब्द सुरक्षिततेचा झाला आणि सुरक्षिततेचा शब्द भीतीचा. हे दोन शब्द पश्चिम किनाऱ्याच्या बाजारपेठांत एकमेकांना ओलांडून गेले. शब्दांच्या प्रवासात याहून सुंदर अदलाबदल मला ठाऊक नाही.

काही मंडळी जोखीम हा शब्द 'जोखणे'वरून, म्हणजे तोलण्यावरून काढतात. मला हे मुळीच मान्य नाही. जोखणेपासून जोख होतो, जोखणी होते. शेवटचा 'ईम' कुठून आणणार? मराठीत असा प्रत्यय लावून क्रियापदांची नामं होत नाहीत. तोलणेपासून तोलीम झालं नाही, मोजणेपासून मोजीम झालं नाही. ज्यांना व्युत्पत्ती म्हणजे सारखे दिसणारे दोन शब्द शेजारी मांडणं वाटतं, त्यांनाच ही सोपी वाट भुरळ घालते. योगक्षेमात तो 'म' मुळातच आहे.

माझा तर्क एक पाऊल पुढे जातो. जोखीम हा मराठीच्या घरात घडलेला शब्द नाही, तो व्यापाऱ्यांबरोबर उत्तरेकडून, बहुधा गुजरातमार्गे आला. पुरावा 'ख' चा. संस्कृत 'क्ष' पुढे इ किंवा ए आला की मराठीचा कल 'श'कडे असतो. क्षेत्राचं हिंदीत खेत झालं, मराठीत शेत. मक्षिकेची हिंदीत मक्खी झाली, मराठीत माशी. कुक्षीची कूस झाली आणि आपण कुशीवर वळतो. पुढे अ किंवा आ असेल तिथे मात्र ख चालतो: क्षाराचा खार, कक्षेची काख, रक्षेची राख. मग क्षेमचा 'खीम' कसा? मराठीच्या घरचा असता तर 'जोशीम'च्या जवळचं काहीतरी मिळायला हवं होतं. यावर खीर (क्षीर) पुढे केली जाते. पण खिरीसारखे पदार्थांचे शब्द देशभर फिरतात, त्यांच्यावरून घरचा नियम मोडीत काढता येत नाही. जोखीमही तसाच फिरस्ता आहे. फिरणाऱ्यांनीच तो आणला.

या मुळाचा तुमच्या पत्रकाशी थेट संबंध आहे. बाजाराच्या बोलीत 'जोखीम' म्हणजे जवळची रोकड, दागिने, मौल्यवान चीज असाही अर्थ होता. 'जवळ जोखीम आहे, रात्रीचा प्रवास नको.' म्हणजे जोखमीत आधी आपलं काहीतरी असतं. धोका समोरच्याकडे असतो, जोखीम आपल्याकडे. आणि स्थानिक यंत्रणेने मोजायची असते ती हीच.

कशी मोजतात ते पाहा. अमेरिकेच्या फेमा या आपत्ती संस्थेने 2005 साली इमारतींसाठी जी पद्धत दिली तिचं सूत्र असं: मालमत्तेचं मोल गुणिले धोका गुणिले कमकुवतपणा. प्रत्येकाला 1 ते 10 गुण. गुणाकार 60 पर्यंत आला तर जोखीम कमी, 61 ते 175 मध्यम, त्यापुढे जास्त. समजा एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या आवाराला मोलाचे 8 दिले, कमकुवतपणाचे 7 आणि धोक्याचे 3. झाले 168, मध्यम. आता कुणी धोक्याचा आकडा 3 चा 4 केला. झाले 224, जास्त. मोलाचे 8 रुग्णालयाच्या खाटा आणि परिसराची लोकसंख्या पाहून ठरतात. कमकुवतपणाचे 7 फाटक, वाहनतळ, काचा पाहून ठरतात. कौंटीचा माणूस स्वतः जाऊन हे बघू शकतो. पण 3 की 4 हे ठरवायला लागणारी खबर त्याच्याकडे नसते, ती राज्याच्या गुप्तवार्ता केंद्रातून झिरपत येते, तीही मोघम. म्हणजे ज्या आकड्याबद्दल स्थानिक यंत्रणेला सगळ्यात कमी कळतं तोच पट्टी बदलून टाकतो. शिवाय स्लॅब आपण टेकू लावला म्हणून शेजारच्या इमारतीवर जाऊन पडत नाही, पण घातपात करणारा एक फाटक बंद दिसलं की दुसरं शोधतो. धोका आणि कमकुवतपणा असे एकमेकांत गुंतलेले असताना साध्या गुणाकाराने काम भागत नाही. 2010 साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने गृहसुरक्षा खात्याच्या जोखीम-विश्लेषणाची तपासणी केली, तेव्हा नैसर्गिक आपत्तींची बाजू सोडली तर बाकीच्या पद्धती निर्णयाला आधार देण्याइतक्या पक्क्या नाहीत असाच निष्कर्ष काढला.

मोल ठरवण्यात चूक झाली की काय होतं, तेही अमेरिकेनेच दाखवलं. गृहसुरक्षा खात्याच्या राष्ट्रीय मालमत्ता सूचीत, म्हणजे जपायच्या महत्त्वाच्या ठिकाणांच्या यादीत, 2006 च्या सुमारास 77,069 ठिकाणं होती. राज्यांनी आणि स्थानिक कार्यालयांनी आपापल्या समजुतीने यादी भरून पाठवली होती. इंडियानाची 8,591 ठिकाणं, न्यू यॉर्कची 5,687 आणि कॅलिफोर्नियाची 3,212. इंडियानाच्या यादीत मक्याच्या लाह्यांचा एक छोटा कारखाना होता, अलाबामाच्या यादीत मुलांनी शेळ्या-मेंढ्यांना हात लावायचं प्राणिसंग्रहालय. त्याच वर्षी न्यू यॉर्क शहराचं दहशतवादविरोधी अनुदान सुमारे 20.7 कोटी डॉलरवरून 12.4 कोटींवर आलं आणि मूल्यमापनाच्या कागदात शहरातल्या 'राष्ट्रीय स्मारकां'चा आकडा शून्य होता. 11 सप्टेंबरच्या हल्ल्याला 5 वर्षंही झाली नव्हती. ज्यांनी हा शून्य लिहिला त्यांना आपल्या जवळ काय जोखीम आहे हेच कळलं नव्हतं. इथे 'धोका' शब्द घालून पाहा, वाक्याचा अर्थच जातो.

राहिला व्हल्नरेबिलिटी. 'असुरक्षितता' लिहू नका, ती भावना आहे, माणसाला असुरक्षित वाटतं. 'भेद्यता' तर कुणी बोलत नाही. अभेद्य किल्ला सगळ्यांना माहीत आहे, पण फाटक भेद्य आहे असं सुरक्षारक्षक कधी म्हणणार नाही. 'कमकुवत जागा' किंवा 'कच्ची बाजू' म्हणा. आपल्याकडे हे किनाऱ्याने शिकवलं. 1993 साली रायगडच्या शेखाडीला स्फोटकं उतरली आणि 2008 साली कफ परेडच्या कोळीवाड्याशी, बधवार पार्कला, 10 जणांची टोळी होडीतून आली. कसाब कोण हे तिथल्या कोळ्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण ही माणसं इथली नाहीत हे त्यांनी ओळखलं आणि त्यांना हटकलंही. धोक्याची माहिती दिल्लीत असते. कच्ची बाजू कुठे आहे हे तिथे राहणाऱ्याला कळतं. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने आराखडा जिल्हा पातळीवर करायला सांगितलाय त्यामागे हेच तत्त्व आहे, आणि त्या आराखड्यांच्या मराठी प्रतींत तरी 'धोका' आणि 'जोखीम' यांचे रकाने वेगळे राहायलाच हवेत.

तर तुमच्या पत्रकात: थ्रेटला घातपाताचा धोका, व्हल्नरेबिलिटीला कमकुवत जागा, रिस्कला जोखीम. जोखीम स्त्रीलिंगी आहे. मसुद्यात तुम्ही 'जोखीमचे मूल्यमापन' लिहिलंय ते 'जोखमीचे' करा. तालीम-तालमीत तसं जोखीम-जोखमीत. अनेकवचन जोखमी.