कोल्हापूरहून लंडनला विमानानं जाताना सोबत कमी कॅलरीचा, पौष्टिक खाऊ काय न्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या महिन्यात कोल्हापूरहून रात्रीच्या बसनं मुंबई, तिथून विमानानं लंडनला मुलाकडे जायचंय. डॉक्टरांनी वजन आणि साखर दोन्ही आवरायला सांगितलंय. विमानतळावरचं तळकट नको, तर घरून काय बांधून घ्यावं? शिवाय गूळ-शेंगदाणे आणि प्रोटीन बार चालतील का, असंही तुम्ही विचारलंय.

मी शिरोलीतल्या एका फाउंड्रीत कास्टिंगची विक्री बघतो. महिन्याला दोन-तीन विमानं होतात आणि साखर माझीही काठावर आहे. त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं स्वतःच्या पोटावर करून बघितलेलं आहे.

आधी एक हिशोब करा. नुसता बसलेला माणूस तासाला, वजनाच्या दर किलोमागे साधारण 1 कॅलरी खर्च करतो. 75 किलोचा माणूस दहा तास सीटवर बसला तर साडेसातशेच्या आसपास. मुंबई-लंडन तेवढंच अंतर आहे, आणि त्यात विमानवाले एक पूर्ण जेवण आणि उतरायच्या आधी थोडं खायला देतातच. म्हणजे वर गेल्यावर खरी भूक लागायचं काही कारण नसतं. खरी भूक लागते ती घर सोडल्यापासून विमानाचं दार लागेपर्यंत. बसचे आठ-नऊ तास, मग मुंबईचा ट्रॅफिक, मग तीन तास आधी पोचून बसणं. वर लागतो तो कंटाळा. समोरचा पडदा बघून बघून डोळे शिणतात, झोप येत नाही, आणि हात आपोआप पिशवीत जातो.

म्हणून मी खाऊ निवडताना कॅलरीच्या आधी एकच बघतो: हा संपायला वेळ किती लागतो? बर्फीची वडी दोन घासांत गेली की हात पुन्हा रिकामा. आपल्याला वेळ खाणारा खाऊ पाहिजे.

यात फुटाण्यांचा हात धरणारं दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही. लक्ष्मीपुरीत माझा ठरलेला फुटाणेवाला आहे. त्याच्याकडून सालासकट, बिनमिठाचे, त्याच दिवशी भाजलेले घेतो. हळद-मीठ लावलेले घेऊ नका, कारण विमानातली हवा इतकी कोरडी असते की आधीच घसा सुकतो, त्यात मीठ म्हणजे नुसतं पाणी पाणी होतं. 30 ग्रॅम फुटाणे म्हणजे एक भरलेली मूठ. त्यात 110 ते 120 कॅलरी आणि सहा-एक ग्रॅम प्रोटीन. एक एक तोंडात टाकून, साल जिभेनं सोडवून चावत बसलात तर वीस मिनिटं कुठं गेली नाहीत. साल खाल्लं तर उत्तमच, चोथा पोटात जातो. कुणाला टाकायचंच असेल तर समोरच्या खिशात ओकारीसाठी ठेवलेली कागदी पिशवी असते, तिचा मला आजवर एवढाच उपयोग झालाय.

दुसरा नंबर ज्वारीच्या कडक भाकरीचा. सोलापूरकडची ती पापडासारखी पातळ, आता आपल्याकडेही पाकिटात मिळते. चार तुकडे करून डब्यात ठेवायची. मोडते, सांडत नाही, वास येत नाही, दोन दिवस काही होत नाही. तेल लावलेली तेवढी बघून टाळा.

ज्वारीच्या लाह्या आणि साधे चिरमुरे कॅलरीच्या हिशोबानं सगळ्यात स्वस्त. 20 ग्रॅममध्ये मोठी वाटी भरते आणि 80 कॅलरीच्या आत काम होतं. पण लाह्यांचं एक आहे, विमान जरा हललं की त्या शेजाऱ्याच्या मांडीवर. बसमध्ये खा, वर नको.

आता भडंग. जयसिंगपूरचं भडंग सोबत घेतल्याशिवाय आपल्यातलं कोण परगावी जातं? मीही नेतो, पण मुलासाठी नेतो तसं, मोठ्या बॅगेत. चिरमुरे हलके म्हणून भडंगही हलकं, असं आपण मनाशी धरून चालतो. एक मोठा चमचा तेल म्हणजे 120 कॅलरी. भडंगाला किती चमचे तेल लागतं ते घरी करताना एकदा मोजून बघा. वर शेंगदाणे, लसूण, आणि हात न थांबण्याचा गुण. डाएटवरच्या माणसानं भडंगाची पिशवी मांडीवर घेऊन दहा तास बसायचं म्हणजे परीक्षाच आहे.

पौष्टिकाच्या नादात मी केलेली एक चूक सांगतो. पहिल्या-पहिल्यांदा मोड आलेली मटकी नुसती वाफवून, लिंबू पिळून डब्यात नेली होती. खाली बसून खाल्ली, छान लागली. वर गेल्यावर तासाभरात पोटाचा नगारा. कारण साधं आहे. विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा ठेवत नाहीत, सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवतात. कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर, म्हणजे साडेपाच हजार फुटांच्या आत. तुम्ही बसलेले असता त्याच्याही वर. तिथं दाब कमी, त्यामुळे पोटातला वायू पाव ते तिसरा हिस्सा फुगतो. चिप्सचं पाकीट वर टम्म होतं आणि अर्धी पाण्याची बाटली खाली उतरल्यावर चेपलेली दिसते, तेच आपल्या आतड्यात चालू असतं. तेव्हा मटकी, छोले, कोबी आणि फसफसणारी थंड पेयं निघायच्या दिवशी बंद. फुटाणेही मूठभरच. चांगले म्हणून पाव किलो खाल्लेत तर मटकीचीच गत होईल.

सुरक्षा तपासणीत काय अडकतं हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळं सांगावं लागतं. 2023 च्या जूनमध्ये ड्यूसेलडॉर्फला गिफा या फाउंड्रीच्या प्रदर्शनाला निघालो होतो. तिथल्या फिक्या जेवणावर टाकायला घरची कांदा-लसूण चटणी एका छोट्या बरणीत घेतली, आणि घाईत ती हातातल्या बॅगेत राहिली. मुंबईला मशीनमधून बॅग बाहेर आली ती बाजूला ओढली गेली.

जवान म्हणाला, "ये क्या है?"

मी म्हणालो, "चटणी."

"चटनी तो गीली होती है."

त्यानं झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि पुढची दोन मिनिटं बिचारा शिंकत होता. आता कोल्हापुरात तिखटाच्या मसाल्यालाच चटणी म्हणतात, हे त्याला मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो? मिरचीची पूड केबिनमध्ये चालत नाही, बरणी तिथंच राहिली. चूक माझीच, ती मोठ्या सामानात टाकायची वस्तू. तेवढंच काकवीचं, दह्याचं, लोणच्याचं. आंतरराष्ट्रीय विमानात जे ओतता किंवा चमच्यानं पसरवता येतं ते द्रवात धरतात, आणि हातातल्या बॅगेत 100 मिलीच्या वरची बाटली किंवा बरणी चालत नाही, मग ती अर्धी रिकामी का असेना. पाण्याची बाटली रिकामी न्या आणि तपासणी झाल्यावर आत भरून घ्या. फळ कापायला चाकू मिळणार नाही, तेव्हा कापायचं ते घरूनच कापून न्या.

फळांत मी पेरू घेतो. पिकलेला नको, करकरीत. मध्यम आकाराच्या पेरूत 100 च्या आसपास कॅलरी, चोथा भरपूर, आणि खायला वेळ लागतो तो वेगळाच. केळं चांगलं, पण बॅगेत त्याचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. काकडीचे लांब काप बसमध्ये रात्री खायला उत्तम, फक्त मीठ लावून ठेवू नका, पाणी सुटतं. आणि पेरू लंडनला उतरायच्या आधी संपवा. भारतातून नेलेली बहुतेक ताजी फळं तिथं कागदपत्रांशिवाय आत घेत नाहीत. मांसाचे आणि दुधाचे पदार्थ तर नाहीच, म्हणजे मुलासाठी पेढे आणि सुकं मटण हा बेत असेल तर तो आत्ताच मोडा.

अंडी उकडून नेता येतात. एकात 70-75 कॅलरी, 6 ग्रॅम प्रोटीन, पोटाला आधार पक्का. पण बस सुटल्यावर लगेच, पहिल्या दोन तासांत खाऊन टाकायची. आपल्या हवेत ती त्यापुढे ठेवण्यात अर्थ नाही, आणि बंद विमानात अंडं सोललंत तर तीन रांगा तुमच्याकडे बघतील.

गुळाचं स्पष्ट सांगतो, राग मानू नका. कोल्हापूरच्या गुळाला 2014 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान मलाही आहे. पण 100 ग्रॅम गुळात 380 च्या आसपास कॅलरी, साखरेत 400 च्या जरा आत. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. गूळ म्हणजे औषध ही समजूत आपल्या घराघरात आहे आणि तिच्या जोरावर चिक्कीची अख्खी पाकिटं संपतात. शेंगदाणे ठीक, पण 30 ग्रॅमला 170 कॅलरी पडतात, म्हणजे फुटाण्यांच्या दीडपट. मोजून वीस दाणे घ्या. गोडाची तलफ आलीच तर दोन खजूर नाहीतर राजगिऱ्याचा एक छोटा लाडू, तोही जेवणाला जोडून.

प्रोटीन बारचं पाकीट उलटं करून वाचा. पुढे प्रोटीनचा आकडा ठळक असतो, मागे साखर आणि कॅलरी बारीक अक्षरात. कित्येक बार 200 कॅलरीचे असतात, आणि तीन मिनिटांत संपतात. आकडे 100 ग्रॅमचे आहेत, एका बारचे आहेत की अर्ध्याचे, तेही बघा. मी विकत घेत नाही.

विमानातल्या जेवणाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण खरी बचत तिथं आहे. तिकीट काढलं की विमान कंपनीला खास जेवण आधी सांगता येतं, बहुतेक ठिकाणी सुटायच्या किमान 24 तास आधी. मधुमेहींच्या जेवणाला डीबीएमएल, कमी कॅलरीच्या जेवणाला एलसीएमएल असे कोड आहेत. फोनवर कोडच सांगा, लवकर कळतं. हे जेवण इतरांच्या आधी आणून देतात, हा वरचा फायदा. ट्रेमधला गोड पदार्थ आणि पाव बाजूला सारलात की बाकी घासाघासाचा हिशोब करायची गरज नाही.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर वेळा कशा धरायच्या ते डॉक्टरांना निघायच्या आधी विचारा. लंडन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार आणि थंडीत साडेपाच तास मागे आहे, दिवस लांबतो आणि गोळ्यांचा गोंधळ होतो. साखर एकदम उतरली तर म्हणून चार खडीसाखरेचे खडे किंवा ग्लुकोज खिशात असू द्या. ते डाएटमध्ये मोजायचे नाहीत. औषधं हातातल्याच बॅगेत, चिठ्ठीसकट.

राहता राहिलं बांधणं. एक मोठा डबा भरून कधीही नेऊ नका. मोठ्या डब्याला तळ दिसेपर्यंत थांबायचं कळत नाही, निदान मला तरी नाही. आमच्याकडे सौ. जुन्या वहीच्या कागदाच्या पुड्या बांधते, वाण्याच्या दुकानात बांधायचे तशा, आणि प्रत्येकीवर बॉलपेननं लिहिते: "बस", "विमानतळ", "वर", "उतरल्यावर". "बस"च्या पुडीत कडक भाकरी आणि सोबत काकडीचा डबा, "विमानतळ"मध्ये फुटाणे आणि बदाम दहा, "वर"मध्ये फक्त फुटाणे, पेरू सुटा. जी पुडी जिथली तिथंच उघडायची असा घरचा दंडक आहे. "वर"ची पुडी खालीच फोडली तर मग वर काही मिळत नाही. दोनदा तसं झालं, तिसऱ्यांदा झालं नाही.

"उतरल्यावर"ची पुडी मात्र विसरू नका. पासपोर्टच्या रांगेत तास-दीड तास सहज जातो, बाहेर मुलगा ताटकळलेला असतो आणि समोर पहिलंच दुकान केक-पावाचं. बॅगांच्या पट्ट्याजवळ उभं राहून ती सोडायची. तिच्यात मी मखाणे ठेवतो, घरी कोरडेच भाजलेले.