मैदानाचे आरक्षण नगरसेवकांच्या मताने उठते का?

आपल्या वस्तीलगतच्या खेळाच्या मैदानाचे आरक्षण (म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात ती जागा मैदानासाठी राखून ठेवणे) बदलून तेथे व्यापारी संकुल उभारण्याचा विषय नागपूर महापालिकेच्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे, आणि सभेने तो मंजूर केला की मैदान गेलेच का, असे आपण विचारले आहे. तसे होत नाही. विकास आराखड्यातील असा बदल महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम ३७ खाली होतो आणि त्यात सभेचा ठराव ही केवळ सुरुवात असते. अंतिम मंजुरी राज्य शासनाचा नगरविकास विभाग देतो.

सभेत उपस्थित राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने निर्णय होतो. आयुक्त चर्चेत बोलू शकतात, पण त्यांना मत नसते. प्रत्यक्षात असे विषय पुष्कळदा आवाजी मताने, एका मिनिटात पार पडतात, त्यामुळे आपल्या नगरसेवकाला भेटायचे असेल तर विषयपत्रिका निघताच भेटावे.

माझ्या मते आपला खरा जोर मात्र ठरावानंतर लागला पाहिजे. राजपत्रात सूचना प्रसिद्ध झाल्यापासून एक महिन्याच्या आत कोणीही हरकत नोंदवू शकतो, आणि बाधित व्यक्तींना सुनावणी द्यावीच लागते. हे कलम आराखड्याचे मूळ स्वरूप न बदलणाऱ्या फेरबदलांपुरते आहे. तेव्हा परिसरातील एकमेव मैदान काढून घेतल्याने ते स्वरूप कसे बदलते, हे आपल्या अर्जात आधी यावे. बेंगळुरूतील उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रद्द ठरवला होता आणि दाद मागणारे तेथील रहिवासीच होते, हेही त्यात नमूद करावे.

शेजाऱ्याने सामासिक अंतर, म्हणजे बांधकाम व भूखंडाची हद्द यांमधील मोकळी जागा, कमी सोडले, त्याला सूट कशी मिळाली, हा आपला दुसरा प्रश्न यात मिसळू नये. तशी सवलत विकास नियंत्रण नियमावलीनुसार, खरी अडचण दाखवल्यावर, आयुक्तांच्या अधिकारात दिली जाते. सभागृहात त्यावर मतदान होत नाही.

आणखी एका बाबीकडे मात्र लक्ष ठेवावे, कारण तिचा गाजावाजा होत नाही. जमीन खासगी मालकाची असेल आणि आराखडा अमलात येऊन दहा वर्षे झाली तरी ती संपादित झाली नसेल, तर मालक त्याच अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदीची सूचना, म्हणजे ‘माझी जमीन विकत घ्या’ अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण आपोआप व्यपगत होते, म्हणजे संपते, आणि त्यासाठी कोणाच्या मताची गरज उरत नाही. म्हणून मैदानाचा मौजा (महसुली गाव) व खसरा (जमिनीचा भूमापन) क्रमांक देऊन अशी सूचना आली आहे का, हे माहितीच्या अधिकारात आजच विचारा.

आमच्या वस्तीच्या सुनावणीला आम्ही सह्यांचा गठ्ठा घेऊन गेलो होतो. अधिकाऱ्यांनी तो बाजूला ठेवला आणि पुढचे मैदान किती अंतरावर आहे, एवढेच विचारले. आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. तेव्हा एका निवृत्त ओव्हरसियर काकांनी पिशवीतून भाग नकाशा काढला, त्यावर दोरा ठेवून वाटेतल्या रेल्वे रुळांसह अंतर मोजून दाखवले, आणि सुनावणीच्या टिपणात आमच्या बाजूने तेवढेच एक वाक्य उतरले.